एकोणीस दिवसांचं माहेर

ललिता ओव्हाळच्या कानांचा एके काळी कचेरीत दबदबा होता. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर तिनं सत्तावीस वर्षं काढली. समोर बोर्ड, डोक्याला हेडफोन, आणि पलीकडून नुसतं ‘हॅलो’ आलं की ही म्हणायची, “बोला दत्तोबा, सर्दी झालीय वाटतं?” तीन-साडेतीनशे माणसं ती आवाजावरून ओळखायची. त्यातल्या निम्म्यांची तोंडं तिनं जन्मात पाहिली नव्हती. कोण खरंच तापानं फणफणलाय आणि कोण लोणावळ्याला निघालाय, हे तिला नुसत्या खोकल्यावरून कळायचं. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. बोर्डावर बसणाऱ्या बाईनं तोंड घरी ठेवून यावं असं ती म्हणायची, आणि घरी आल्यावर ते ठेवलेलं तोंड उचलून नवऱ्याशी तासभर बोलायची.

निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना एका दुपारी लाइनमध्ये काहीतरी बिघडलं आणि हेडफोनमधून एक कर्कश किंचाळी थेट तिच्या उजव्या कानात घुसली. दोन-तीन सेकंदांचाच मामला. तिनं हेडफोन ओरबाडून काढला, पेलाभर पाणी प्यायली आणि दहा मिनिटांनी परत बोर्डावर बसली. रजेच्या अर्जात लिहायचं काय? रक्त नाही, सूज नाही, फ्रॅक्चर नाही. न दिसणाऱ्या दुखण्याला साहेब लोक काय म्हणतात, हे तिनं बोर्डावर पुष्कळदा ऐकलेलं होतं.

त्या संध्याकाळी कानात एक बारीक सूर सुरू झाला. बिघडलेली ट्यूबलाइट करते ना, तसा. सकाळपर्यंत जाईल म्हणून ती निवांत झोपली. तो सकाळी गेला नाही, दिवाळीला गेला नाही, आणि आजतागायत गेलेला नाही.

पुढे त्या सुराला सोबत मिळाली. कुणी ताटात चमचा टाकला की कानाच्या आत काहीतरी आवळून यायचं आणि मग पडदा फडफडत राहायचा, डब्यात पाखरू अडकावं तसा. बसचा ब्रेक लागला की कळ जबड्यापर्यंत उतरायची. ती निवृत्त होईपर्यंत डावा कानही या उद्योगात सामील झाला. त्यात घर धानोरीला, लोहगावचा विमानतळ डोक्यावर. सुखोई उडाली की धानोरीतली माणसं वाक्य मधेच थांबवतात आणि विमान गेलं की पुढचा शब्द घेतात. त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. ललिता मात्र भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे कानांवर दाबून उभी राहायची. विमान दोन मिनिटांत जायचं, तिच्या कानातले ठोके अर्धा तास चालायचे.

डॉक्टर झाले. काचेच्या खोलीत बसवून कानांची तपासणी झाली. “ओव्हाळबाई, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत,” पहिले डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. दुसऱ्यांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी सांगितलं, ताण घेऊ नका. हा सल्ला देणाऱ्या माणसाला खरं तर दंड व्हायला हवा. शेवटी चौथ्या ठिकाणी तनुजा नावाची एक तरुण मुलगी भेटली, कान तपासणारी. तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. कानात एक बारीकसा स्नायू असतो, मोठ्या आवाजापासून कानाला सांभाळायचं त्याचं काम. तुमचा तो घाबरून बसलाय. चमचा पडला तरी त्याला तोफ उडाल्यासारखं वाटतं.

“बरं होईल?” ललितानं विचारलं.

“कमी होऊ शकतं. वेळ लागेल, कधी वाढेलही. पण काकू, एक पथ्य पाळा. कान सारखे झाकून ठेवू नका. जितके झाकाल तितके ते हळवे होत जातील.”

ललितानं मान डोलावली, घरी आली आणि कान झाकले. तिचा नवरा ज्ञानदेव कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या धडधडत्या प्रेसवर होता. तिथले फोमचे पिवळे बोळे अजून खोकाभर शिल्लक होते. चिमटीत दाबून कानात सोडायचे, ते हळूहळू फुगतात आणि जग बंद होतं. एकदा ती बंद करायची सवय लागली की पथ्यबिथ्य कुणाच्या लक्षात राहतं?

ज्ञानदेव तोंडाचा तिखट. “कानात कुणी सारखं बोलतंय तर तू उत्तर देऊ नकोस, कंटाळून जाईल,” असं म्हणायचा. पण त्याच माणसानं कुणी न सांगता खुर्च्यांच्या पायांना रबर बसवलं, मांडणीतल्या ताटांखाली जुनी चादर घातली आणि दाराची बेल काढून टाकली. शेजारच्या आनंदीबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, बेल बिघडलीय, माणूस मिळत नाही. लोकांना खरं सांगायची सोय नव्हती. ऐकू येत नाही म्हटलं की लोकांना कीव येते. जास्त ऐकू येतं म्हटलं की ते हसतात आणि लसणीचं तेल गरम करून घालायला सांगतात.

त्यांची एकुलती एक मुलगी दीक्षा. खराडीच्या एका आयटी कंपनीत नोकरी, नवरा सौरभ त्याच भागात दुसऱ्या कंपनीत, आणि दोघं वाघोलीला सौरभच्या आईसोबत राहायची. आईच्या कानात जरा गुणगुणतं, एवढंच दीक्षाला माहीत होतं. ललितानं तेवढंच सांगितलं होतं. दीक्षाला दिवस गेल्याची बातमी आली तेव्हा ललितानं पहिल्या फोनवर सांगून टाकलं, “बाळंतपण माझ्याकडे. सव्वा महिना पुरता. एक दिवस कमी नाही.”

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत तर आहेच. पण ललिताचा हट्ट नुसत्या रितीचा नव्हता. दीक्षाच्या वेळी ललिता सातव्या महिन्यात असताना तिची आई गेली. बाळंतपण सासरी झालं. कुणी वाईट वागलं नाही. सासरे धोंडिबा रोज स्वतः जाऊन दूध आणायचे. पण मूल रडायला लागलं की ‘तू पड गं, मी बघते’ असं म्हणणारं त्या घरात कुणी नव्हतं. सासूबाई चूल सांभाळायच्या, बाकीचे आपापल्या कामाला. बाविसाव्या दिवशी ललिता धुणं धूत होती. हे तिनं कधी उगाळलं नाही, पण तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं की दीक्षाला ते चार शब्द मिळतील. तीस वर्षं तिनं ते जपून ठेवले होते.

आता प्रश्न होता कानांचा. तान्ह्या मुलाच्या रडण्याला काही घड्याळ नसतं. ललितानं मग सराव सुरू केला. मोबाइलवर तासभर बाळ रडतंय असा एक व्हिडिओ तिला सापडला. लोक काय काय करून ठेवतात! रोज सकाळी चहा झाला की ती तो अगदी हळू आवाजात लावून समोर बसायची. दर चार दिवसांनी आवाज एक घर वाढवायचा, असा तिचा हिशेब.

“लोक सकाळी भूपाळी लावतात,” ज्ञानदेव पेपरमागून म्हणाला.

“तुम्हाला त्रास होत असेल तर गॅलरीत बसा.”

“मला नाही होत. तुझा चेहरा बघवत नाही.” त्यानं पेपर खाली ठेवला. “ललिता, पोरीला सांगून टाकू या का आपण?”

“सांगितलंत तर बघा. ती यायचीच नाही. मग विहीणबाई करतील सगळं.”

“विहीणबाई चांगल्या आहेत.”

“चांगल्याच आहेत. पण आई मी आहे ना?”

ज्ञानदेवनं पेपर परत उचलला. चौथ्या घरापर्यंत तिची मजल गेली. पाचव्या घराला उजवा कान असा आवळला की ती पदर तोंडात कोंबून रडली. मोबाइल बंद केल्यावरही फडफड थांबेना. दुसऱ्या दिवशी तिनं परत चौथ्यापासून सुरुवात केली.

जानेवारीत दीक्षाला मुलगी झाली. दवाखान्यातून लेकीला आणि नातीला घरी आणलं तेव्हा ललितानं दारातच दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मूल हातात घेतलं. ते शिंकलं. केवढीशी ती शिंक! आणि त्यानंतर ते ओठ चोखत राहिलं, त्याचाही एक ओला, बारीक आवाज येत होता. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. ललिताला प्रत्येक घोट ऐकू येत होता. त्या क्षणी तिला आपल्या कानांबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

मग मुलीनं तोंड उघडलं आणि रडायला लागली. ललितानं दात आवळले, हसतमुखानं तिला ज्ञानदेवच्या हातात दिलं आणि मोरीत जाऊन भिंतीला कपाळ टेकलं. दोन मिनिटांनी बाहेर आली.

“आई, तुला घाम आलाय,” दीक्षा म्हणाली.

“गॅसजवळ होते गं.”

घरात बाळंतपण सुरू झालं. सकाळी मालिशवाली मुक्ताई यायची, जुन्या धानोरी गावातली, दंडाला पहिलवानासारखी. आधी बाळाला न्हाऊ घालायची, मग दीक्षाला तेल चोळायची, कढत पाणी, ओव्याची धुरी. सगळं झालं की ललिता स्वतः लेकीच्या डोक्याला रुमाल बांधायची आणि कानात कापसाचे बोळे घालायची. बाळंतिणीच्या कानात वारा शिरू नये म्हणून घालतात तेच. पण बाकीच्या बाया चिमूटभर कापूस लावतात. ललिता चांगला मोठा बोळा घ्यायची, तेलात बुडवायची आणि घट्ट बसवायची.

“आई, अगं मला काहीच ऐकू येत नाही. आणि हे अजिबात सायंटिफिक नाहीये.”

“तुझं सायन्स वाघोलीला. इथं गप्प राहायचं.”

“एवढा कशाला कोंबताय, बाई?” मुक्ताई म्हणाली. “जरासा लावला तरी बास हाय की.”

“कानाचं दुखणं काय असतं ते तुम्हाला नाही माहीत, मुक्ताई.”

हे ती इतकं तोडून बोलली की मुक्ताई आपलं तेलपाणी आवरायला लागली. ललिताला खरोखरच भीती वाटत होती. आपलं झालं ते झालं, पण लेकीच्या कानाला काही होता कामा नये. एकदा बिघडले की ते परत मिळत नाहीत, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं? म्हणून रोज नवा कापूस, रोज घट्ट.

दुपारी न्हाणं-जेवण उरकलं की ती मूल बाहेरच्या खोलीत आणायची आणि लेकीला म्हणायची, “तू पड गं. मी बघते.” दीक्षाला ऐकू यायचं नाही, पण आईचे ओठ बघून ती हसायची आणि आडवी व्हायची. ललिता दार लोटून घ्यायची. दिवसातला हा तिचा सगळ्यात आवडता क्षण होता. पोरीची भूक लागायच्या आत तिला उचलायचं, ओलं व्हायच्या आत दुपटं बदलायचं, रडू यायच्या आधीच ते ओळखायचं, असं ती करायची. बोर्डावर दिवा लागायच्या आत फोन उचलायची तशी. अठरा दिवस तिनं निभावून नेलं. या अठरा दिवसांत ती सलग दोन तासही झोपली नव्हती, कारण दिवसभर सोसलेला प्रत्येक आवाज आडवं झालं की कानात परत वाजायला लागायचा.

एकोणिसावा दिवस गुरुवारचा. सकाळपासून सुखोईंचा सराव चालला होता, एक उतरलं की दुसरं वर. ज्ञानदेव खारीक आणि डिंक आणायला बाजारात गेलेला. दीक्षा आत गाढ झोपलेली, डोक्याला रुमाल, कानात बोळे. बाळ बाहेर गादीवर, नुकतंच दूध पिऊन डुलकी लागलेलं. एकामागून एक तीन विमानं उडाली. बाळ जागंसुद्धा झालं नाही, धानोरीचंच रक्त. ललिताच्या मात्र दोन्ही कानांत ठोके सुरू झाले, जबडा आखडला, डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. तिनं ब्लाउजमध्ये लपवलेली पिवळ्या बोळ्यांची पुडी काढली. दहाच मिनिटं. कान बंद, पण डोळे उघडे ठेवायचे. पोरीवरची नजर काढायची नाही. तिनं बोळे दाबून कानात सोडले, गादीच्या काठावर हात ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

शांत झालं. अठरा दिवसांत पहिल्यांदा.

सौरभ त्या दिवशी अर्धी रजा टाकून लवकर निघाला होता. जिन्यातच त्याला मुलीचं रडणं ऐकू आलं. पहिल्या मजल्यावर त्याला वाटलं, भूक लागली असेल. दुसऱ्या मजल्यावर तो धावायला लागला. दारात आनंदीबाई उभ्या होत्या, दार बडवून त्यांचे हात लाल झाले होते. “वीस मिनिटं झाली हो! कुणी उघडेना. फोन केले, कुणी घेईना.” दुसरी किल्ली आनंदीबाईंकडेच असायची, पण घाबरल्यावर ती कुठे ठेवलीय ते त्यांना आठवत नव्हतं. ती पिठाच्या डब्यामागे सापडली.

दार उघडलं. मुलगी रडून रडून जांभळी झाली होती, आवाज बसला होता, तरी तुटक तुटक रडतच होती. गालावरून मानेपर्यंत ओकलेलं दूध वाळलं होतं. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर ललिता भिंतीला टेकून झोपली होती. एक हात गादीवर तसाच.

सौरभनं मुलीला छातीशी धरलं. आनंदीबाईंनी ललिताचा खांदा हलवला. तिनं डोळे उघडले, समोर जावई, त्याच्या हातात मूल, मुलाचं तोंड वासलेलं आणि आवाज काहीच नाही. तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं.

“आई,” सौरभ म्हणाला. तो हळूच बोलला होता. “तुमच्या कानांत काय आहे?”

तिनं त्याची नजर पाहिली आणि घाईघाईनं दोन्ही बोळे उपटून काढले. सौरभ तिच्या अगदी जवळ उभा होता. मुलीनं नेमका तेव्हाच श्वास भरून घेतला आणि जीव खाऊन टाहो फोडला. पाचव्या घराच्या कितीतरी पलीकडचा. ललिताचे दोन्ही कान एकदम आवळले, सुई आरपार जावी तशी कळ गेली, आणि ती दोन्ही हातांनी डोकं धरून किंचाळली.

“गप्प करा तिला! न्या तिला इथून! न्या!”

आतल्या खोलीच्या दारात दीक्षा उभी होती. बाहेरचं दार धाडकन उघडल्याचा हादरा तिला पलंगात जाणवला असावा. रुमाल सुटलेला, कापूस हातात. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर ललितानं सगळं सांगितलं. हेडफोन, सूर, ठोके, तनुजानं काढलेलं चित्र, मोबाइलवरचा व्हिडिओ. सांगताना ती सारखी जमिनीकडे बघत होती. ज्ञानदेव खारकेची पिशवी हातात तशीच धरून कोपऱ्यात उभा होता. दीक्षानं सगळं ऐकून घेतलं आणि आईला मिठी मारून रडली. “मला का नाही सांगितलंस? सहा वर्षं, आई? सहा वर्षं?” मग थोड्या वेळानं ती बॅग भरायला लागली.

“रागावलीस?” ललितानं विचारलं.

“नाही गं. राग नाही आला.” तिनं दुपटी मोजत मोजत बॅगेत घातली. “मला भीती वाटते.”

संध्याकाळी विहीणबाई स्वतः गाडी घेऊन आल्या. त्यांनी एका शब्दानं टोचलं नाही, उलट ललिताचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुम्ही बऱ्या व्हा आधी, आम्ही आहोत.” त्या जर वाईट बोलल्या असत्या तर निदान त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

मुलीचं नाव मैत्रा ठेवलं. वाघोलीच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, पन्नास माणसं जेवली. दीक्षानं मुद्दाम माइक लावू दिला नाही. आजीसाठी दूर, खिडकीजवळ खुर्ची ठेवली होती. तिथून पाळण्याची फुलं दिसत होती.

दीक्षा हुशार मुलगी. तिनं आईच्या दुखण्याचं सगळं वाचून काढलं, परदेशातल्या पेशंटांच्या ग्रुपमध्ये शिरली, तनुजाला जाऊन भेटली, आईला कानाजवळ हलका आवाज करणारं यंत्र आणून दिलं. काही महिने बरं वाटलं. मग एका पावसाळ्यात ललिताला सर्दी झाली आणि होतं त्याहून वाढलं. आता डाव्या कानातही सूर चोवीस तास, आणि पिशवीचा कागद वाजला तरी फडफड. दीक्षा जास्तच जपायला लागली. व्हिडिओ कॉल आवाज बंद करून लावायची. मैत्राचं पहिलं हसू, पहिलं पाऊल, सगळं ललितानं पाहिलं, मूकपटासारखं. एकदा तिनं लिहून पाठवलं, ‘जरा आवाज लाव ना.’ दीक्षाचं उत्तर आलं, ‘नको आई. मागच्या वेळी तुझे चार दिवस गेले.’ तेही खरंच होतं. सौरभ सांगायचा, पोरगी भारी बडबडी आहे, अख्खी सोसायटी डोक्यावर घेते, दोन कडवी गाणं म्हणते. साडेतीनशे माणसांना एका ‘हॅलो’वर ओळखणारी ललिता, पण तिच्या नातीनं पाठीमागून हाक मारली असती तर ती कुणाची, हे तिला सांगता आलं नसतं. याचं दुःख तिला कानांच्या दुखण्यापेक्षा जास्त व्हायचं.

महिन्यातून एका रविवारी ती सगळी धानोरीला यायची, तासभर. दीक्षा गाडीतच मुलीला समजावून आणायची. मैत्रा दारात चपला हातानं काढून ठेवायची, आपटायची नाही. आजीच्या मांडीवर बसायची, पुस्तकातलं चित्र बोटानं दाखवायची आणि आजीनं विचारलं की मान हलवायची. फारच झालं तर अगदी कानाशी येऊन कुजबुजायची, “आजी, हत्ती.” जाणारे-येणारे म्हणायचे, काय शहाणी पोर आहे! दीक्षाला त्याचं कौतुक वाटायचं.

गेल्या एप्रिलमधला रविवार. मैत्रा सव्वादोन वर्षांची. सौरभ आणि ज्ञानदेव खाली गाडीपाशी बोलत होते, दीक्षा आत चहा गाळत होती. मैत्रा गॅलरीतून खोलीत येत होती, हातात आजोबांनी दिलेलं केळं. चटईच्या काठात तिचा पाय अडकला आणि ती समोरच्या टीपॉयच्या कडेवर कपाळ आपटून पडली. चांगला मोठा आवाज झाला. ललिताचे कान गच्च आवळले. आता पुढचं येणार, रडणं येणार, म्हणून तिनं डोळे मिटले, दात दाबले आणि वाट पाहिली.

काही आलं नाही.

तिनं डोळे उघडले. मैत्रा फरशीवर बसली होती. भुवईच्या वर चीर पडून रक्ताचा ओघळ सुरू झाला होता. तिनं आपले दोन्ही तळहात आपल्याच तोंडावर घट्ट दाबून धरले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, इवलेसे खांदे गदगदत होते, चेहरा लाल झाला होता, आणि ती आजीकडे बघत होती.

ललिता गुडघ्यांवर तिच्यापाशी गेली. पदरानं रक्त दाबून धरलं. मग तिनं ते दोन्ही हात तोंडावरून बाजूला केले.

“रड, बाई माझी,” ती म्हणाली. “मोठ्यानं रड. आजीला चालतं गं. रड.”

मैत्रानं मान हलवली. तिचे ओठ थरथरत होते. ती आजीच्या कानाशी आली आणि हुंदका गिळत कुजबुजली, “आजीला बाऊ होतो.”

आणि तिनं हात परत तोंडावर नेले.